दव झाडताना

वर्तुळ आधी मला दिसलं, ह्यांना नाही.
भाद्रपदातली सकाळ, तळजाईवर मोर ओरडून गप्प झालेले,
चहाचा कप घेऊन मी पायरीवर,
आणि कोरियन लॉनच्या ऐन मध्यावर
ताटलीएवढा पिवळा डाग,
कुणी गरम तवा उतरवून ठेवावा तसा.

वाकून पाहिलं. पात्यापात्यांत पांढरी जाळी,
कोळ्याची म्हणावी तर कोळी कुठेच नाही.
नऊला ऊन आलं आणि जाळी गायब,
पुरावा पुसून चोर आपल्याच घरी
जेवायला बसावा इतकी सहज.

देवस्थळीबाई म्हणाल्या, मीठ मारा.
त्यांच्या जावयाने फोटो मागवला
आणि तीन हजारांचं औषध सुचवलं.
हे म्हणाले, पाणी कमी पडतंय,
आणि त्या संध्याकाळी अर्धा तास जास्त
पाइप धरून उभे राहिले.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्याला नऊ वर्षं.
रोज सातला अंगठा नळीच्या तोंडावर,
फवाऱ्याचा पंखा इकडून तिकडे,
जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाशी एक वाक्य.
हीच ह्यांची हजेरी.

आठवड्यात ताटलीची परात झाली.

धनकवडीहून बबन शितोळे आला,
स्कूटरला मागे कापायचं मशीन बांधून.
एक पातं चिमटीत धरलं, तर बुडातून अलगद सुटून आलं,
पिकलेल्या केसासारखं.
त्याने वास घेतला. म्हणाला,
"ताई, बुरशी. रात्रभर ओलं राहिलं की येणारच.
तुम्ही ओला टॉवेल गुंडाळून झोपता का?"

हे खुर्चीत पेपर वाचत होते.
बराच वेळ पान उलटलं नाही.

मीही काही बोलले नाही.
एकेचाळीस वर्षांनंतर अशा गोष्टी गजरावर सोपवाव्यात.
तो साडेपाचला वाजला,
महापालिकेचं पाणी यायच्या वेळेला.
आता पाणी पहाटे, भरपूर, मुळापर्यंत,
मग तीन दिवस नळाकडे बघायचंही नाही.

बाकीचं कष्टाचं काम.
हिरव्याखाली वाळक्या काड्यांची जाड गोधडी निघाली,
दाताळ्याने ओढून दोन पोती भरली.
मशीनचं पातं इतकं बोथट
की गवत कापलं जात नव्हतं, ओरबाडलं जात होतं.
धार लावून घेतली, आणि बबनला बजावलं:
दोन बोटं उंची ठेव, ही काही जावळ काढायची जागा नाही.
दुसऱ्या बंगल्यातून येताना मशीन धुऊन आण.
त्याला राग आला. पण धुतलं.
युरियाचं उरलेलं पोतं त्यालाच देऊन टाकलं.
बकुळीच्या खालच्या दोन फांद्या गेल्या,
मला वाईट वाटलं, उन्हाला नाही.
शेणखतात ट्रायकोडर्मा कालवून ओल्या गोणपाटाखाली
आठ दिवस विरजण लावल्यासारखं झाकून ठेवलं.
बुरशीवर बुरशीच सोडायची,
हे ऐकून देवस्थळीबाई जिना चढून वर गेल्या.

संध्याकाळी सातला मात्र ह्यांचे हात रिकामे.
पहिले चार दिवस फाटकाशी नुसतेच उभे.
लोक विचारत, आज पाणी नाही?
हे म्हणत, नाही, आता सकाळी.
आणि पुढचं वाक्य सुचत नसे.

दव काही कुणाच्या सांगण्यावरून थांबत नाही.
ते पात्यांवर बसलं की जाळीचं फावतं,
म्हणून ते झाडायचं.
कपडे वाळत घालायची जुनी दोरी,
एक टोक ह्यांच्याकडे, एक माझ्याकडे,
फाटकापासून टाकीपर्यंत गवतावरून ओढत न्यायची.
थेंब पुढे पळत सुटतात.
त्या वेळी रस्त्यावर कुणी नसतं,
त्यामुळे ह्यांची सगळी वाक्यं माझ्या वाट्याला येतात.
पगाराची, कारखान्यातल्या भोंग्याची,
एका वर्गमित्राची, ज्याचं नाव मी आजवर ऐकलं नव्हतं.

डाग आहे अजून. कडेने हिरवं आत सरकतंय,
रांगत, कुठे अडखळत.
परवा टाकीपाशी थांबून हे म्हणाले,
"म्हणजे नऊ वर्षं मीच..."

म्हटलं, दोरी ताणून धरा.
मध्ये झोळ पडतोय.