बारा काय?

शिरोडे सर उत्तराखाली तांबडी रेघ ओढायचे.
"बारा काय? बारा वांगी?"
पेठ रोडच्या शाळेतला अख्खा वर्ग हसायचा.
मी गुपचूप पुढे लिहायचे: सेमी.

वॅट, न्यूटन, पास्कल,
माणसं गेली, एकेक मोठं अक्षर मागे ठेवून.
छोटा m मात्र बहुरूपी:
आकड्यानंतर एकटा उभा राहिला की मीटर,
दुसऱ्या अक्षराला आधी चिकटला की मिली,
जरा तिरका झाला की वस्तुमान.
परीक्षेत मी त्याला तिन्ही वेषांत ओळखलं,
एकदाच फसले. तो एक गुण अजून आठवतो.

आता माझ्या टेबलावर गंगापूर धरण असतं,
चार रकान्यांत.
पातळी मीटरमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये,
साठा दशलक्ष घनफुटांत, विसर्ग क्युसेकमध्ये.
पाणी एकच, आडनावं चार.

त्या ऑगस्टात, पहाटे पावणेचारला,
फोनवर नवा पोरगा म्हणाला, "तीनशे सोडलेत, मॅडम."
मी लिहिलं तीनशे.
पेन तिथंच अडलं.
तीनशे काय?

क्युसेक असेल तर घाटाच्या पायऱ्यांना पत्ताही लागणार नाही.
क्युमेक असेल तर पस्तीस पट.
मधे फक्त एक अक्षर,
आणि लाइनवर खरखर.
"स की म?"
"म, मॅडम. म मगरीतला."

मग फोनांवर फोन.
गाडगे महाराज पुलाखाली कोथिंबीर विकणाऱ्या
इंदुमती लोणारींचा नंबर माझ्याकडे होता.
"साडेदहा हजार क्युसेक येतंय, मावशी."
"ते तुझं तुला. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?"

तक्त्यात मारुतीचा रकाना नाही.
जुन्या पुरांच्या नोंदी मनात चाळल्या,
घसा खाकरला, सांगितलं:
"कमरेपर्यंत. अंदाजे."
"मग पाट्या हलवते."

दुपारी घाटावर गेले.
गढूळ पाणी कमरेच्या वर चढलं होतं.
मावशींनी लांबूनच हवेत पंजा ताणून मापलं,
"एक वीत चुकलीस गं."
पंजाला कोथिंबिरीचा वास.

रजिस्टरच्या समासात मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं:
कंबर + १ वीत.
साहेबांनी चष्मा वर सरकवला.
मला वाटलं, खोडायला लावणार.
ते म्हणाले, "वीत कुणाची?"