साठ आकडे

आईचा फोन काकड्यांच्या खारात पडला.
ऑगस्टमधली गोष्ट. बरणीत नव्हे, बादलीत.
दोन दिवस तिनं तो कुट्टूच्या दाण्यांत पुरून ठेवला,
मग त्सिमाफेयनं कुणाचा तरी जुना आणून दिला
आणि इकडे विल्नियसमध्ये, लाँड्रीच्या मागल्या खोलीत,
माझ्या पडद्यावर ओळ उमटली :
स्तेफानिया यांचा सुरक्षा क्रमांक बदलला आहे.
पडताळून पाहा.

पाहते ना. कशी पाहू?
पाच-पाचाचे बारा गट.
समोरासमोर बसून जुळवा, म्हणतं ॲप,
जसं काही आम्ही दोघी
एकाच टेबलाशी वाटाणे सोलतोय.
मधे दीडशे किलोमीटर, आणि एक नाका,
त्या नाक्यावर एक यादी, यादीत मी.

साध्या फोनवर वाचून दाखवावेत,
तर साध्या फोनवर आई फक्त हवामान बोलते
आणि मांजराचं पोट.

पिन तर ती दर पंधरवड्याला चुकवते.
"सारखं काय विचारतं गं हे?
चौकशीच्या खोलीत बसवल्यासारखं वाटतं."
मी लिहिते : ते तुझ्याच भल्यासाठी.
तिचं उत्तर : "तेही असंच म्हणायचे."

आणि निरोप पुसले जाण्याची मुदत, एक दिवस.
मीच लावली. यानिनानं शिकवली होती,
यानिनाला पकडण्याआधी.
आईची तक्रार :
"मी चष्मा शोधेपर्यंत तुझं बोलणं उडून जातं.
परवा काय म्हणालीस? खोकला होता की नव्हता?"

ऑक्टोबरात लुत्सियामावशी बसनं आली.
पिशवीत करवंदासारखा आंबट मुरंबा, दोन जोड लोकरी मोजे,
एका मोज्यात गुंडाळलेली शाळेची वही.
उघडली.
माझे सगळे निरोप.
काना-मात्रा न चुकवता, तारीख, वेळ,
मी पाठवलेला अंगठासुद्धा पेन्सिलीनं काढलेला,
नखासकट.
यानिनाच्या बहिणीचा पत्ता. कुणी पैसे दिले ते. किती.
सीमेवरच्या माणसानं मोजे दाबून पाहिले होते, म्हणाली मावशी,
एकच जोड. दुसरा नाही.

मी ओरडायला फोन उचलला.
मग शेवटचं पान दिसलं :
साठ आकडे, ठळक, चौकटीत,
खाली लिहिलेलं, "हे तू मागत होतीस ना?"

जुळवत गेले, बोट ठेवून.
नवव्या गटात अडले.
आईचा एक सातासारखा दिसतो.
लहानपणी गणिताच्या वहीत ती म्हणायची,
साताच्या कमरेला पट्टा बांध, नाहीतर तो सात नाही.
याला पट्टा नव्हता.
म्हणजे एक.
माझ्याकडेही एकच होता.

"पडताळले" वर अंगठा ठेवला. हिरवी खूण आली.

वही कपाटात आहे, इस्त्रीच्या चादरींखाली.
रोज ठरवते, आज जाळायची.
तिला शेपूचा वास येतो,
आणि ती एका दिवसात
आपोआप पुसली जात नाही.