मागचे दिवे

नवी गाडी आली त्याच महिन्यात
बाबांचं लायसन कचेरीने परत मागवलं.
झटक्यानंतर त्यांना डाव्या अंगाचं जग दिसत नाही,
आणि गाडीत मी त्यांच्या डावीकडेच बसते.
मांडीवर लोकरी टोपी, टोपीत पेपरमिंटच्या गोळ्या,
दर मंगळवारी आम्ही क्लाक्सविकच्या दवाखान्यात.

वाटेत दोन जुने बोगदे,
एका वेळी एकच गाडी मावेल असे,
डोंगराने नाइलाजाने दिलेले.
थोड्या थोड्या अंतरावर कडेला खोबण, वर पाटी 'एम'.
समोर दिवे दिसले की ज्याच्या बाजूला खोबण त्याने शिरायचं,
झोत खाली करायचा.
म्हणजे पलीकडच्याला कळतं:
ये बाबा, मी थांबलोय.
चाळीस वर्षं मासळीचा ट्रक हाकताना
बाबा या बेटावर सगळ्यात जास्त बोलले असतील
ते असं, दिव्यांनी.
आईशीसुद्धा एवढं नाही.

आता बोगद्याचं तोंड जवळ आलं
की त्यांचा डावा हात उठतो,
अंगठा नि दोन बोटं हवेतच एक बटण फिरवतात.
त्याआधीच दिवे लागलेले असतात.
समोर कुणी आलं तर झोत आपसूक खाली,
गेलं की आपसूक वर.
"कोण करतं हे?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं.
"काचेमागे डोळा आहे, बाबा."
"माझ्यापेक्षा बरा," म्हणाले,
आणि हात टोपीत लपवला.

परवा दुसऱ्या बोगद्यातून बाहेर पडलो
तर खाडी नाही, कडा नाही, मेंढ्या नाहीत.
भर दुपारी नुसतं दूध.
गाडीला वाटलं, उजेड आहे,
तिने दिवे मालवले.
पुढे तेवढ्या दोन बारीक पांढऱ्या रेघा.
"मागचे लागलेत का?"
"ऑटोवर आहे."
"ऑटोला अंधार कळतो. धुकं कळत नाही."
"मला दिसतंय रस्ता, बाबा."
"तुला दिसतंय हे कोण विचारतंय, मार्युन?
तू दिसतेस का?"

मी बटण धरलं. ते न बघता सांगत होते,
"एक घर उजवीकडे. अजून एक. आता बाहेर ओढ."
टक्.
डॅशबोर्डवर पिवळी खूण उमटली,
आणि मागच्या पांढऱ्यावर कुठेतरी
आमचं लाल सांडलं असावं,
कारण आरशात एक प्रचंड काळं काहीतरी
अचानक हळू झालं,
त्याचा झोत खाली गेला.
सालमनचा ट्रक.
बाबांनी मान वळवली नाही.
एक पेपरमिंट सोललं, अर्धं मला दिलं.

या गाडीतली एकच गोष्ट त्यांना आवडते.
घरी पोचून इंजिन बंद केलं
तरी पुढचे दिवे तीस सेकंद
दारापर्यंतच्या फरश्यांवर पडून राहतात.
ते काठी टेकत उतरतात,
गवताळ छपराखाली त्यांची सावली
त्यांच्याआधी दाराशी पोचते.
परवा तिसऱ्या पायरीवरच अंधार झाला.
"कमी पडले," पुढून आवाज आला,
तक्रार नव्हती, नोंद होती.

मी पुन्हा आत वाकले,
दांडी एकदा ओढली.
ते तिथेच उभे होते,
दिवे यायची वाट बघत,
डावा हात हवेत.