वजावट

कोराडी रोडच्या काट्यावर माझी रात्रपाळी.
काच, कूलर, प्रिंटर,
आणि माझ्या आधीच्या बाईने सोडून दिलेली एक उशी.
गाडी भरून येते: चढवा, थांबवा, इंजिन बंद.
गाडी रिकामी होऊन येते: चढवा, थांबवा.
पहिल्यातून दुसरं वजा केलं की कोळसा.
ड्रायव्हर दोन्ही वेळा केबिनीत असतो,
म्हणून तो आपोआप कटतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात, पहाटे चारला, एकदम दिसलं.

उमरेडहून निघालेला माल आधी कंपनीचा,
मग मोठ्या ठेकेदाराचा, मग त्याच्या पेटीवाल्याचा,
आणि पेटीवाल्याचाही एक पेटीवाला आहे पारडीला,
चौरसिया. मी फक्त त्याची मोटरसायकल पाहिली आहे.
त्या शेवटच्या पेटीत गुलाब नेवारे.
हजेरी ठोक साडेसातशे.
गेटातून आत गेलं की पाळी सुरू.
संपते केव्हा, ते ठरलेलं नाही.
गाडी खाली झाली की, म्हणतात.

आणि गाडी खाली होत नाही.
कधी टिपलर बंद, कधी ओला माल तळाला चिकटलेला,
कधी साहेब जेवायला.
मे महिन्यात रांग पार नाल्यापर्यंत.
केबिनीचा पत्रा इतका तापतो
की माणसं गाडीखाली झोपतात, चाकाजवळ,
आणि रांग सरकली की कुणीतरी
पान्याने रिंग वाजवत जातं:
उठ बे, उठ, उठ.

गुलाबभाऊ माझ्या पावत्या जपायचे.
"टाइम लिहेल आहे न याच्यावर.
आत कवा, बाहीर कवा.
दुनियेत दुसरीकडं कुठंच नाही लिहेल."
समोरच्या काचेवरच्या फटीत दोन महिन्यांची गड्डी.
हिशेबाच्या दिवशी काढली, तर
सगळ्या काळ्या.
उन्हाने तो कागदच काळा पडतो,
अक्षरं आणि कोरी जागा, एकच रंग.
चौरसियाने म्हणे एकेक उलगडून पाहिली,
हसलासुद्धा नाही.
म्हणाला, कोळशाचा धंदा आहे, काका.

त्या कागदाची मागची बाजू काळी पडत नाही.
तेव्हापासून मी मागे बॉलपेनने वेळ लिहून देते.
माझ्या कामात ते येत नाही.
(माझाही पगार ठोकच आहे, ते जाऊ द्या.)
आधी एकट्या गुलाबभाऊंना,
मग सावनेरच्या इस्राईलला,
आता काही जण काही न बोलता
पावती उलटी करून खिडकीवर ठेवतात
आणि दुसरीकडे बघत उभे राहतात.
पैसे कुणाचेच वाढलेले नाहीत.

परवा ते गाडी खाली करून आले,
काट्यावर ब्रेक लावला आणि तसेच उतरून
भिंतीकडे धावले. किती तास धरून होते, कोण जाणे.
आकडा स्थिरावला.
त्या गाडीचं रिकामं वजन मला पाठ आहे.
साठ किलो कमी.
म्हणजे तेवढा कोळसा जास्त,
जो कुठल्याच खाणीतून निघालेला नव्हता.
बटणावरचं बोट मी तसंच ठेवलं.
पाच वर्षांत पहिल्यांदा
त्या लाल आकड्यांत माणूस दिसत होता,
नसण्याने का होईना.

मग काच सरकवून हाक मारली,
भाऊ, वर बसा, वजन व्हायचंय.
ते आले, पँटीला हात पुसत.
"कितीक भरलो वं मी?"
"साठ."
"हाव?" पायरीवर एक पाय ठेवून थांबले.
"दिवाळीले सत्तर होतो."
मग चढले, दार ओढलं,
आकडा बरोबर झाला,
ते कटले.

पावती उलटी करून मी लिहिलं:
आत सकाळी सहा दहा.
बाहेर रात्री अकरा चाळीस.
खाली थोडी जागा उरली होती.
तिथे लिहिलं, साठ.