गुरुवारचं तिसरं घर

टूसॉनच्या उत्तरेला, निवडुंगांमागं,
गुरुवारचं माझं तिसरं घर.
हॅस्केटबाई फाटकातच गाठतात:
"टेरी, आजही स्पा हातभर उतरलाय.
रात्री रानडुकरं पिऊन जातात बहुतेक."
माझं नाव एलेउतेरिओ. असो.

पाणी कुठं जात नाही, बाई.
पंप झोपला की ते गुपचूप
खालच्या तलावात उतरतं.
सकाळी तुम्ही नळी लावून कुंड भरता,
तलाव काठावरून सांडतो,
आणि बिल रानडुकरांच्या नावावर.

गुडघे टेकून व्हॉल्व्ह बघतो.
पाइपांवर तुमच्या यजमानांचं अक्षर, उन्हानं विटलेलं:
हा ओढतो, हा सोडतो.
दांड्याशी नेलपॉलिशचा लाल ठिपका, तुमच्याच बाटलीतला.
शनिवारी इथवर फिरव, पुढं नाही.

दांड्यांचा दोष नाहीच.
परतीच्या पाइपात एक झडप असते, तळहाताएवढी,
जायला वाट देते, यायला नाही.
तिच्या कडेत क्षाराचा खडा अडकलाय,
वाटाण्याएवढासुद्धा नाही.
व्हिनेगरमध्ये बुडवली, घासली,
स्प्रिंग बदलली, झाकण आवळलं.

"आता उतरणार नाही," म्हणालो.
त्या ठिपक्याकडं बघत राहिल्या.
"मग सकाळी मी काय करू?"

क्लोरीन मोजलं. जाळीतून मेस्किटच्या शेंगा काढल्या,
एक विंचू, मेलेला.
नळी गुंडाळून खुंटीला लावली,
मग पुन्हा काढून जमिनीवर ठेवली.

"जाळी तेवढी रोज बघत जा," म्हणालो.
खरं तर आठवड्यातून एकदा पुरतं.
त्याचेच तर मला पैसे मिळतात.