दाढेच्या आत

सकाळी आठला मी दाढ अंगावर चढवतो.
फोमची, दोन मुळांची, हसऱ्या डोळ्यांची;
माझे खरे डोळे तिच्या ओठांतल्या जाळीमागे.
अरेकिपा शहर आधीच पांढऱ्या दगडाचं,
वर मिस्ती, कधीमधी बर्फाची टोपी घालणारा,
जबड्यात एकट्याच उरलेल्या सुळ्यासारखा.
एवढ्या पांढऱ्यात आणखी एक दाढ
कोण बघणार?
म्हणून मी नाचतो.

डॉक्टर एर्मेलिंदा चोके यांच्या टेबलावर
चौकटीची वही असते.
नवीन पेशंट आला की पहिला प्रश्न
'दुखतं कुठे' हा नसतो,
'आमचं कसं कळलं' हा असतो.
रकाने चार: रेडिओ, फलक, कागद, दाढ.
महिनाअखेरी त्या उभ्या रेघांवर ठरतं
कुणाचा करार पुढे, कुणाला नारळ.

रेडिओ पहाटे पाचला बोलतो,
कांद्याचे ट्रकवाले तेव्हा जागे असतात.
लांबून येतात ते, बुटांना माती घेऊन,
आणि खुर्चीत बसल्यावर आमचीच जिंगल गुणगुणतात,
तोंडात आरसा असतानासुद्धा.

फलक पुलापाशी आहे. त्यावरच्या बाईचे दात
जन्मात काही न चावल्यासारखे.
तिला बघून लगेच कुणी येत नाही.
सहा महिन्यांनी दात ठणकतो, नाव आठवतं,
कुठे वाचलं ते आठवत नाही.
रेघ मग कुठल्या रकान्यात?
डॉक्टर पेन्सिल चावतात.

कागद मीच वाटतो. दहातले नऊ
पुढच्या कोपऱ्यावर जमिनीला मिळतात.
ते दोन्या फेलीसितास गोळा करते,
भाजलेल्या मक्याचे पुडे बांधते,
आणि टणक दाण्यावर ज्याची दाढ तुटते
त्याच्या मुठीत पत्ता आधीच असतो.
बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणे.
इथे मुक्या मक्याने धंदा दिला.

आणि दाढेचा रकाना? पोरं.
मला मिठ्या मारतात, मुळांना लोंबकळतात,
आईचा हात ओढत आत नेतात.
खुर्ची दिसली की भोकाड पसरतात.
ते माझ्या कामात बसत नाही.

जुलैत माझीच दाढ सुरू झाली.
डावीकडची, खालची, पार मागची.
बाहेर हसरे डोळे तसेच हसत,
आत मी सुजल्या गालाने ठेका धरत.
पोरांना वाटलं, आज नवीन नाच आहे.

चौथ्या दिवशी रांगेत बसलो, पोशाखासकट,
पाठीवरची चेन अडकली होती.
एका म्हातारीने सरकून बाकावर जागा दिली.
तिचा नंबर आला, प्रश्न आला.
"कसं कळलं काय, बाई?
रात्रभर ठणका होता, त्यानेच आणलं हाताला धरून."
डॉक्टरांनी पानाच्या कडेला पाचवा रकाना आखला,
नाव न घालता.

मग मी. चेन तुटली.
रिकामी दाढ कोपऱ्यात उभी राहिली, माझ्याकडे बघत.
भूल चढेपर्यंत त्यांनी वही उघडली.
"आमचं कसं कळलं, विल्बर?"
जीभ बधिर. मी कोपऱ्याकडे बोट केलं.
त्या हसल्या नाहीत.
दाढेच्या रकान्यात एक रेघ ओढली,
सावकाश, सरळ.

त्या महिन्यात रेडिओच्या मी
एकाने पुढे होतो.