मागच्या दाराने

ताइनानच्या बँकेत उद्घाटनाला आलेली ऑर्किडं
दोन महिन्यांत मान टाकतात.
लाल फितीवरची सोनेरी अक्षरं तेवढी ताजी.
मॅनेजर म्हणतो, मागच्या दाराने न्या.

मागच्या दाराशी ग्वेई-चू उभी,
फरशी पुसून झालेली, हातमोजे ओले.
कुंडी उपडी करते, मुळं चाचपते:
रुपेरी म्हणजे तहान, हिरवी म्हणजे पुरे,
तपकिरी नि लिबलिबीत ती कात्रीने जातात.
दांडा दुसऱ्या पेराच्या वर छाटते,
जखमेवर चिमूटभर दालचिनी.

पाकळ्या झाडून घेते. त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही.

मग जुन्या पायमोज्याने
गल्लीतल्या आंब्याला बांधते एकेक.
माती नाही, कुंडी नाही,
नुसती साल आणि सकाळचं दमट ऊन.
शेजारचा आ-शुई हसतो,
मेलेल्याला टेकू कशाला?

नवरा अंथरुणाला खिळला तेव्हाही
लोक असंच काहीबाही विचारायचे.
पेजेचा चमचा ओठांशी नेताना
तिच्या हाताला तेव्हाही घाई नव्हती.

फेब्रुवारीत एका पानाच्या बगलेतून
काहीतरी हिरवं डोकावलंय.
मूळ की दांडा, अजून कळत नाही.
कामावर जाताना
ती चष्मा पुसते,
आणि वाकून बघते.